जाफराबाद : सीमावर्ती ग्रामीण नगराचा भूगोल आणि लोकसंख्या – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

जालना जिल्ह्याच्या ईशान्य भागात, केळणा आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावर जाफराबाद हे तालुक्याचे ठिकाण वसलेले आहे. तालुक्याच्या ईशान्येस बुलढाणा जिल्ह्यातील चिखली आणि आग्नेयेस देऊळगाव राजा हे तालुके आहेत. नकाशावर आज ही दोन जिल्ह्यांमधील एक साधी सीमा आहे. तथापि १८५३ ते १९५६ या शतकभराच्या काळात हीच रेषा दोन राज्यव्यवस्थांना विभागत होती. अलीकडे निजामाचा मराठवाडा होता, तर पलीकडे ब्रिटिशांच्या कारभाराखालील वऱ्हाड. नाणे, जकात, न्यायालयाची भाषा, शाळेचे माध्यम आणि माणसांची गणना करण्याची पद्धत या सर्वच बाबी ही रेषा ओलांडताच बदलत असत.

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), पैठण, जालना अशा मोठ्या स्थळांना यथायोग्य स्थान मिळाले आहे. जाफराबादसारखी लहान सीमावर्ती नगरे मात्र दुर्लक्षित राहिली. त्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. अशा गावांचा परिसर दोन राज्यांत विभागला गेल्याने त्यांच्या इतिहासाची साधनेही विभागली गेली. एका बाजूची कागदपत्रे हैदराबादच्या दप्तरात फारसी व उर्दूत, तर दुसऱ्या बाजूची वऱ्हाडच्या दप्तरात इंग्रजी व मराठीत आहेत. एकाच बाजूचे दप्तर पाहणाऱ्या अभ्यासकाला परिसराचे अर्धेच चित्र दिसते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या प्रदेशाचा भूगोल सीमेच्या दोन्ही बाजूंस एकच आहे. त्यामुळे निसर्गाने दिलेले सुख-दुःख दोन्हीकडील लोकसंख्येने जवळपास सारखेच भोगले. राज्यव्यवस्थेने जे दिले वा नाकारले त्यात मात्र मोठी तफावत राहिली. सीमा कागदावरून पुसली गेल्यानंतरही ही तफावत लोकसंख्येच्या आकडेवारीत आणि सामाजिक नोंदींत टिकून आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) जाफराबाद परिसराच्या भौगोलिक रचनेचा आढावा घेणे.
२) १८५३च्या सीमेच्या निर्मितीची कारणे व परिणाम तपासणे.
३) सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लोकसंख्येची तुलना करणे.
४) जनगणनेतील ‘ग्रामीण’, ‘नागरी’ व जातविषयक वर्गीकरणावर सीमेचा प्रभाव स्पष्ट करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. तालुक्यांच्या सीमा वारंवार बदलत गेल्याने दीर्घकालीन तुलनेसाठी जिल्हा हे एकक घेतले आहे. १९८१ पूर्वी जाफराबाद औरंगाबाद जिल्ह्यात होते. म्हणून त्यापूर्वीच्या काळासाठी औरंगाबाद आणि नंतरच्या काळासाठी जालना जिल्ह्याची आकडेवारी विचारात घेतली आहे. सीमेपलीकडील तुलनेसाठी बुलढाणा जिल्हा निवडला आहे.

भौगोलिक स्थान व रचना

जाफराबादचा परिसर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेकडील पठारावर येतो. पूर्णा नदी कन्नड तालुक्यातील डोंगराळ भागात उगम पावते आणि सिल्लोड, भोकरदन व जाफराबाद परिसरातून आग्नेयेकडे वाहत बुलढाणा जिल्ह्यात प्रवेश करते. तेथून पुढे येलदरी व सिद्धेश्वर या धरणांतून जाऊन ती गोदावरीस मिळते. वऱ्हाडात तापीला मिळणारी पूर्णा नावाची दुसरी मोठी नदी असल्याने बुलढाणा जिल्ह्यात या नदीस ‘खडकपूर्णा’ म्हणून ओळखतात. देऊळगाव राजा तालुक्यातील तिच्यावरील जलाशयास संत चोखामेळा यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांचे जन्मस्थान मानले जाणारे मेहुणा राजा हे गाव त्याच तालुक्यात आहे. एकाच नदीला सीमेच्या दोन बाजूंस दोन नावांनी ओळखले जावे, ही बाब या प्रदेशाच्या स्वरूपाची निदर्शक आहे.

केळणा, जुई, धामणा व गिरजा हे पूर्णेचे या भागातील प्रवाह होत. नद्यांकाठी खोल काळी जमीन असून माळरानावर ती उथळ व मुरमाड होत जाते. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. परंतु त्याचे वितरण अत्यंत अनिश्चित असते. कापूस, ज्वारी, मका, सोयाबीन, तूर व हरभरा ही प्रमुख पिके आहेत. १९७२चा दुष्काळ सर्व महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. २०१२-१३च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता आणि त्या वर्षी जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळून गेल्या.

जमीन, पाऊस व पिके या तिन्ही बाबतींत सीमेपलीकडील देऊळगाव राजा व चिखलीचा दक्षिण भाग जाफराबादहून फारसा वेगळा नाही. येथे डोंगररांग, घाट वा मोठे जंगल अशी कोणतीही ठळक नैसर्गिक सीमा आढळत नाही. वऱ्हाडची खरी नैसर्गिक विभागणी उत्तरेकडील ‘पायनघाट’ आणि दक्षिणेकडील ‘बालाघाट’ अशी आहे. ती लक्षात घेतल्यास बुलढाण्याचा दक्षिण भाग भूरचनेने मराठवाड्याच्या पठाराचाच विस्तार ठरतो. अर्थात १८५३ची सीमा भूगोलाने नव्हे, तर राजकारणाने ठरविली.

सीमेपूर्वीचा प्रदेश

हा प्रदेश प्राचीन काळापासून दळणवळणाच्या मार्गावर होता. जाफराबादच्या पश्चिमेस केळणेकाठी असलेले भोकरदन म्हणजे प्राचीन ‘भोगवर्धन’. सांची व भारहूत येथील स्तूपांच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख आढळतात. १९७३मध्ये शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. त्यात सातवाहनकालीन समृद्ध वसाहतीचे अवशेष मिळाले. येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पॉम्पेई येथे मिळालेल्या मूर्तीशी असलेले साम्य अभ्यासकांनी नोंदविले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी केळणेचे खोरे दूरच्या बाजारपेठांशी जोडलेले होते, हे यावरून स्पष्ट होते.

जाफराबाद हे नाव मोगलकालीन असून ते जाफरखान या सरदाराशी जोडले जाते. नद्यांच्या संगमावरील मोक्याची जागा, गावाभोवतीची दगडी तटबंदी, आतील गढी आणि औरंगजेबकालीन फारसी शिलालेख असलेली मशीद यांवरून मोगल काळात या ठिकाणास असलेले लष्करी व महसुली महत्त्व लक्षात येते. याच काळात पूर्वेकडे सिंदखेडचे जाधव घराणे प्रबळ होते. लखुजी जाधवांची कन्या जिजाबाई यांचे जन्मस्थान असलेले सिंदखेड राजा आज बुलढाणा जिल्ह्यात असले, तरी जाधवांचे राजकारण दौलताबाद व जालना परिसराशी अखंड जोडलेले होते. १६२९मध्ये लखुजींची हत्या दौलताबादच्या किल्ल्यातच झाली.

ऑक्टोबर १७२४मध्ये साखरखेर्डा येथील लढाईत निजाम-उल-मुल्क याने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दक्षिणेतील निजामी सत्तेचा पाया घातला. हे साखरखेर्डा आज सिंदखेड राजा तालुक्यात आहे. ज्या भूमीवर निजामी राज्याचा पाया घातला गेला तीच भूमी सव्वाशे वर्षांनी निजामाच्या कारभारातून निसटावी, हा इतिहासातील विलक्षण योगायोग म्हणावा लागेल.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदन व जाफराबादच्या दरम्यान, केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यात आसई येथे आर्थर वेलस्ली आणि शिंदे-भोसले यांच्या फौजांमध्ये निर्णायक लढाई झाली. कंपनीच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक सैनिक मृत वा जखमी झाले, तरी विजय कंपनीचा झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये देवगाव व सुर्जी-अंजनगाव येथे तह झाले. त्यांनुसार वर्धा नदीच्या पश्चिमेकडील भोसल्यांचा वऱ्हाडातील हिस्सा आणि अजिंठा डोंगराच्या दक्षिणेकडील शिंद्यांचा जालन्यासह प्रदेश त्यांना सोडावा लागला. हे प्रदेश पुढे निजामाकडे गेले. परिणामी १८०३ ते १८५३ या पन्नास वर्षांत जाफराबाद, देऊळगाव राजा व चिखली एकाच सत्तेखाली होते.

सीमेची निर्मिती व तिचे स्वरूप

निजामाच्या खर्चाने पोसल्या जाणाऱ्या, परंतु ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या फौजेचे एक महत्त्वाचे ठाणे जालना येथे होते. या फौजेचा खर्च थकत गेला आणि निजामावरील कर्ज वाढत गेले. अखेर लॉर्ड डलहौसीच्या काळात मे १८५३च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रदेश कंपनीच्या कारभारात दिले. त्यांपैकी धाराशिव व रायचूर १८६०मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मात्र मिळाले नाही. पहिल्या सालारजंगाने ते परत मिळविण्यासाठी दीर्घकाळ केलेले प्रयत्न व्यर्थ गेले. १९०२मध्ये लॉर्ड कर्झनने वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले आणि १९०३मध्ये ते मध्य प्रांतास जोडले. निजामाचे सार्वभौमत्व नावापुरते मान्य होते. प्रत्यक्षात जाफराबादच्या पूर्वेस एक परकी सरहद्द उभी राहिली.

या सरहद्दीचे स्वरूप दैनंदिन जीवनात चार अंगांनी जाणवत असे. पहिले अंग नाण्याचे. अलीकडे ‘हाली सिक्का’ तर पलीकडे ‘कलदार’ चालत असे. दोहोंत साधारणतः सात हाली रुपयांस सहा कलदार असा विनिमय होता. आठवडी बाजारासाठी सीमा ओलांडणाऱ्या शेतकऱ्याला बट्ट्याचा हिशेब प्रत्येक वेळी करावा लागे. दुसरे अंग जकातीचे. निजामी राज्यात आयात-निर्यातीवर जकात वसूल करणारे ‘करोडगिरी’ खाते सरहद्दीवर नाके ठेवीत असे. त्यामुळे नजीकच्या गावाशी होणारा व्यवहारही परदेशी व्यापाराच्या सदरात मोडू लागला.

तिसरे अंग दळणवळणाचे होय. मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६०च्या दशकात वऱ्हाडच्या पायनघाटातून गेला. १८७०मध्ये खामगावची शाखा सुरू होऊन ते कापसाचे मोठे केंद्र बनले. निजामाच्या राज्यातील मनमाड–सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग जालन्यामार्गे १९००च्या सुमारास पूर्ण झाला. हे दोन्ही मार्ग आपापल्या राज्याच्या गरजेनुसार आखले गेले. त्यांना जोडणारा उत्तर-दक्षिण मार्ग झाला नाही आणि मधला जाफराबाद–देऊळगाव राजा–चिखली हा पट्टा दोन्हींपासून दूर राहिला. जालना–खामगाव लोहमार्गाच्या दीर्घकालीन मागणीचे मूळ या विभागणीतच आहे.

चौथे आणि सर्वांत दूरगामी अंग भाषा व शिक्षणाचे होते. वऱ्हाडात प्राथमिक शिक्षण आणि तालुका पातळीवरील बराचसा व्यवहार मराठीतून होत असे. निजामी राज्यात फारसीची जागा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उर्दूने घेतली आणि कचेरी, न्यायालय व वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होऊ लागले. १९१८मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा धाडसी प्रयोग केला. परंतु मराठी शेतकऱ्याच्या मुलासाठी तीही परकीच भाषा होती. याच काळात पलीकडे डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या शिवाजी शिक्षण संस्थेसारख्या संस्था वऱ्हाडात शाळांचे जाळे विणीत होत्या.

सीमेचा एक वेगळा उपयोगही इतिहासात नमूद आहे. १९४७-४८च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्टेट काँग्रेसने वऱ्हाडातील उमरखेडसारख्या ठिकाणी सरहद्दीलगत छावण्या उभारल्या आणि निजामी राज्यातून आलेल्या कार्यकर्त्यांना व निर्वासितांना तेथे आश्रय मिळाला. ज्या रेषेने बाजार आणि शाळा तोडल्या तीच रेषा संकटकाळी संरक्षक ठरली.

लोकसंख्येचा इतिहास : दुष्काळास सीमा नाही

लोकसंख्येच्या मोजणीतही सीमेने अंतर निर्माण केले. वऱ्हाडात पहिली जनगणना १८६७मध्ये झाली, तर हैदराबाद राज्यात १८८१मध्ये. म्हणजे देऊळगाव राजाची माणसे जाफराबादच्या माणसांपेक्षा चौदा वर्षे आधी मोजली गेली. १८८१नंतर मात्र दोन्ही बाजूंची आकडेवारी तुलनेस उपलब्ध होते.

औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या १८८१मध्ये ७,३०,३८० होती. ती १८९१मध्ये ८,२८,९७५ झाली आणि १९०१मध्ये घटून ७,२१,४०७ वर आली. म्हणजे १८९१–१९०१ या दशकात एक लाखाहून अधिक, सुमारे १३ टक्के, घट झाली. याच दशकात बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या ४,८१,०२१ वरून ४,२३,६१६ झाली. ही घट सुमारे १२ टक्के होती. १८९६-९७ आणि १८९९-१९००चे दुष्काळ हे त्याचे मुख्य कारण होते. दुसरा दुष्काळ लोकस्मृतीत ‘छप्पन्नाचा दुष्काळ’ म्हणून राहिला आहे.

या दोन टक्केवाऱ्यांतील साम्य लक्षणीय आहे. सीमेच्या एका बाजूस जुनी सरंजामी राज्यव्यवस्था व जहागिरी होत्या, तर दुसऱ्या बाजूस रेल्वे, दुष्काळसंहिता व ब्रिटिश महसूल प्रशासन होते. तरीही मनुष्यहानी व स्थलांतर यांचे एकत्रित प्रमाण जवळजवळ सारखेच राहिले. पावसावर अवलंबून असलेल्या शेतीला नवी प्रशासनयंत्रणा तारू शकली नाही, असाच याचा अर्थ होतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले, तर ‘निजामी राजवटीमुळे हानी झाली’ किंवा ‘ब्रिटिश कारभारामुळे लोक वाचले’ ही दोन्ही सोपी विधाने टिकत नाहीत.

सीमा पुसली गेली काय?

सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९४९मध्ये जहागिरी रद्द झाल्या. पुढील काही वर्षांत हाली सिक्का व करोडगिरी यांचा अंत झाला. १९५३च्या नागपूर कराराने मराठी भाषकांच्या एकत्रीकरणाची राजकीय भूमिका तयार केली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा व विदर्भ दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राची स्थापना झाली. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके मिळून जालना जिल्हा निर्माण झाला. पुढे बदनापूर, घनसावंगी व मंठा हे तालुके नव्याने झाले आणि आज जिल्ह्यात आठ तालुके आहेत.

अशा रीतीने राज्यसीमा पुसली गेली; परंतु संस्थात्मक सीमा कायम राहिली. जाफराबादचा शेतकरी महसूल विभागाच्या दृष्टीने छत्रपती संभाजीनगरशी जोडलेला आहे, तर देऊळगाव राजाचा शेतकरी अमरावतीशी. दोघांची उच्च न्यायालयाची खंडपीठे वेगळी आहेत आणि विद्यापीठेही वेगळी. १९९४मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. तोवर अनुशेषाचा हिशेबही दोन स्वतंत्र मंडळांत होत होता. सर्वांत बोलके उदाहरण जमीन कायद्याचे आहे. सीमेच्या या बाजूस १९५०चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, तर त्या बाजूस १९५८चा विदर्भासाठीचा कुळवहिवाट कायदा लागू झाला. एकाच शेतकरी कुटुंबाची जमीन दोन्ही बाजूंस असेल, तर आजही तिच्या वादाचा निर्णय दोन निरनिराळ्या कायद्यांखाली होतो.

याउलट लोकजीवनाने ही सीमा फारशी मानलेली नाही. देऊळगाव राजाच्या बालाजीला आणि होळीच्या सुमारास भरणाऱ्या सैलानी बाबांच्या यात्रेला मराठवाड्यातून भाविक जातात. भोकरदन तालुक्यातील राजूरच्या गणपतीला वऱ्हाडातून लोक येतात. सोयरीक दोन्हीकडे आहे. जालन्यात १९६४मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ची स्थापना केल्यानंतर वाढलेल्या बियाणे उद्योगाचे बीजोत्पादन क्षेत्र जाफराबाद व देऊळगाव राजा अशा दोन्ही बाजूंच्या तालुक्यांत पसरले आहे. म्हणजे समाज व बाजार या दृष्टीने हा एकच प्रदेश आहे; प्रशासनाच्या दृष्टीने तो दोन प्रदेशांत विभागलेला आहे.

२०११ची जनगणना : साम्य आणि तफावत

२००१मध्ये जालना जिल्ह्याची लोकसंख्या १६,१२,९८० होती. २०११मध्ये ती १९,५९,०४६ झाली. दशवार्षिक वाढ २१.४६ टक्के होती. बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या याच काळात २२,३२,४८० वरून २५,८६,२५८ झाली आणि वाढ १५.८५ टक्के राहिली. महाराष्ट्राची वाढ १५.९९ टक्के होती. साक्षरतेचे प्रमाण जालन्यात ७१.५२ टक्के आणि बुलढाण्यात ८३.४० टक्के होते. राज्याची सरासरी ८२.३४ टक्के होती.

नागरी लोकसंख्येचे प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखे, म्हणजे जालन्यात सुमारे १९ आणि बुलढाण्यात सुमारे २१ टक्के होते. लिंग-गुणोत्तर जालन्यात ९३७ व बुलढाण्यात ९३४ होते. शून्य ते सहा वयोगटातील लिंग-गुणोत्तर अनुक्रमे ८७० व ८५५ इतके चिंताजनक होते.

या आकड्यांतून एक स्पष्ट आकृतिबंध दिसतो. शेतीवरील अवलंबन आणि मुलीच्या जन्माविषयीची सामाजिक मानसिकता यांबाबत दोन्ही बाजू सारख्या आहेत. शाळेशी थेट निगडित असलेल्या साक्षरतेत मात्र बारा टक्क्यांचे अंतर आहे. लोकसंख्यावाढीतील तफावतही बहुधा याच्याशी संबंधित आहे, कारण शिक्षणाचा, विशेषतः स्त्रीशिक्षणाचा, जन्मदराशी असलेला संबंध सर्वमान्य आहे. बुलढाणा जिल्ह्यात मलकापूर, शेगाव, खामगाव हा रेल्वेवरील पायनघाटचा भागही येतो. त्यामुळे या अंतराचे सर्व श्रेय वा दोष १८५३च्या सीमेस देणे योग्य नव्हे. स्वातंत्र्योत्तर नियोजनातील त्रुटीही तितक्याच जबाबदार आहेत. तथापि मराठी शाळा दोन-तीन पिढ्या उशिरा आल्याची किंमत आजच्या आकडेवारीतही दिसते, हे नाकारता येत नाही.

नोंदीतील माणूस : जातगणना व सीमा

सीमेचा सर्वांत जिवंत परिणाम सध्या जातीच्या नोंदींच्या संदर्भात दिसत आहे. वऱ्हाडातील शेतकरी समाजाची ‘कुणबी’ ही नोंद ब्रिटिशकालीन कागदपत्रांत व त्यानंतरही बऱ्याच प्रमाणात कायम राहिली. डॉ. पंजाबराव देशमुख यांचा प्रभाव हे त्याचे एक कारण मानले जाते. मराठवाड्यात मात्र याच शेतकरी समाजातील बहुसंख्यांची नोंद काळाच्या ओघात ‘मराठा’ अशी रूढ झाली. कुणबी समाज राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहे. त्यामुळे सीमेच्या दोन बाजूंस राहणाऱ्या आणि परस्परांशी सोयरीक असणाऱ्या कुटुंबांचे कायदेशीर स्थान वेगळे ठरले.

या प्रश्नावरील मनोज जरांगे पाटील यांच्या आंदोलनाचे केंद्र जालना जिल्ह्यातीलच अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव ठरले. १ सप्टेंबर २०२३ रोजी तेथे झालेल्या लाठीमारानंतर शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी समिती नेमली. २६ जानेवारी २०२४ रोजी ‘सगेसोयरे’ या संज्ञेसंबंधी अधिसूचनेचा मसुदा निघाला. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे कुणबी प्रमाणपत्रे देण्यासंबंधीचा शासन निर्णय झाला. ओबीसी संघटनांनी त्यास तीव्र विरोध केला. बंजारा समाजानेही याच गॅझेटियरच्या आधारे अनुसूचित जमातीच्या दर्जाची मागणी पुढे आणली.

या वादातील कोणत्याही पक्षाच्या मागणीचा निवाडा करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने एक बाब मात्र नमूद करणे आवश्यक आहे. वासाहतिक वा संस्थानी काळातील गणती ही समाजाचे निखळ प्रतिबिंब नव्हती. प्रगणक कोण होता, त्याची भाषा कोणती होती, त्याच्या हाती कोणती वर्गसूची दिली होती, यावर नोंद अवलंबून असे. एका राज्याची वर्गसूची दुसऱ्या राज्याच्या वर्गसूचीशी जुळत नसे. म्हणूनच एकाच बाजूच्या गॅझेटियरवरून निष्कर्ष काढण्यापूर्वी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या नोंदी समोरासमोर ठेवून वाचल्या पाहिजेत. अन्यथा शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाची सवय आजच्या पिढीचे भवितव्य ठरवील.

ग्रामीण की नागरी?

जनगणनेतील दुसरे वर्गीकरण थेट जाफराबादशी निगडित आहे. तहसील कार्यालय, न्यायालय, बाजारपेठ, महाविद्यालय आणि मोगलकालीन नगराचा वारसा असूनही २०११च्या जनगणनेत जाफराबादची गणना नगर म्हणून झाली नाही. त्या वेळी जिल्ह्यात जालना, अंबड, भोकरदन व परतूर या नगरपालिका होत्या. जाफराबाद ग्रामपंचायत असल्याने ‘ग्रामीण’ सदरात राहिले. जनगणनेच्या निकषानुसार नगरपालिका नसलेल्या स्थळास नगर ठरण्यासाठी किमान पाच हजार लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे घनता आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामगार, या तिन्ही अटी पूर्ण कराव्या लागतात. शेतीप्रधान तालुक्याचे ठाणे तिसऱ्या अटीवर अडते.

राज्य शासनाने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचे धोरण स्वीकारल्यानंतर जाफराबादही नगरपंचायत झाले. म्हणजे जे ठिकाण मोगल काळात तटबंदीयुक्त नगर होते, ते आधुनिक जनगणनेत खेडे ठरले आणि पुढे शासकीय निर्णयाने पुन्हा नगर झाले. या बदलांमागे लोकसंख्येची वाढ-घट जितकी आहे, तितकाच सीमेचाही वाटा आहे. ज्या नगराचा पूर्वेकडील अर्धा परिसर जकातीच्या नाक्यापलीकडे गेला आणि ज्याच्या वाट्याला दोन्हीकडचे लोहमार्ग आले नाहीत, त्याची बाजारपेठ खुंटणे स्वाभाविक होते.

डिसेंबर २०२२मध्ये नागपूर–शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. हा महामार्ग बुलढाणा व जालना या दोन्ही जिल्ह्यांतून जातो. सीमेच्या दोन्ही बाजूंस एकाच मार्गाने जोडणारी ही मोठी सोय होय. तिचा लाभ जाफराबादसारख्या मार्गापासून दूर असलेल्या नगरांपर्यंत पोहोचतो की नाही, हे जोडरस्त्यांवर अवलंबून राहील.

निष्कर्ष

१) जाफराबाद व सीमेपलीकडील देऊळगाव राजा–चिखलीचा दक्षिण भाग हा भौगोलिक, सांस्कृतिक व आर्थिक दृष्ट्या एकच प्रदेश आहे. १८५३ची सीमा लष्करी खर्चाच्या थकबाकीतून उद्भवली. तिला नैसर्गिक आधार नव्हता.

२) १८९१–१९०१च्या दशकात दोन्ही बाजूंची लोकसंख्या १२ ते १३ टक्क्यांनी घटली. निसर्गाच्या आघातापुढे दोन्ही राज्यव्यवस्था सारख्याच अपुऱ्या ठरल्या.

३) २०११मध्ये साक्षरतेत सुमारे बारा टक्क्यांचे आणि लोकसंख्यावाढीत साडेपाच टक्क्यांहून अधिक अंतर होते. त्यामागे इतर कारणांबरोबरच शिक्षणाच्या भिन्न धोरणांचा वारसा आहे.

४) ‘ग्रामीण’, ‘नागरी’, ‘मराठा’, ‘कुणबी’ ही वर्गीकरणे प्रशासकीय इतिहासातून घडलेली आहेत. ती स्वयंसिद्ध मानून केलेला अभ्यास व घेतलेला निर्णय दोन्ही सदोष ठरू शकतात.

२०२१मध्ये अपेक्षित असलेली जनगणना झाली नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक निश्चित करण्यात आला असून तीत जातींचीही गणना करण्याचे ठरले आहे. ही आकडेवारी हाती येण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल व अर्थशास्त्र विभागांनी एकत्र येऊन सीमावर्ती तालुक्यांतील जुन्या जनगणना, जन्म-मृत्यू व शाळाप्रवेशाच्या नोंदी संकलित करणे आवश्यक आहे. मोडी, फारसी व उर्दू वाचू शकणारे जाणकार दिवसेंदिवस विरळ होत आहेत. विद्यापीठांच्या हद्दी वेगळ्या असल्या, तरी केळणा-पूर्णेच्या खोऱ्याचा इतिहास एकच आहे. तो एकत्र बसूनच वाचावा लागेल.